ब्राऊन बेल्ट घेऊन सोलापुरात: नवा कराटे क्लास निवडण्याचं एक प्रकरण

मागच्या जूनमध्ये माझी ताई, दाजी आणि भाची भुसावळहून सोलापूरला राहायला आले. दाजी रेल्वेत आहेत. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातून सोलापूर विभागात बदली झाली आणि रेल्वे क्वार्टरमध्ये संसार लागला. भाची तेरा वर्षांची, नुकतीच आठवीत गेलेली. टेम्पोतून सामान उतरवताना तिने दोन गोष्टी कुणाच्या हाती दिल्या नाहीत. एक दप्तर, दुसरी कराटेच्या ड्रेसची पिशवी.

सात वर्षांची असल्यापासून ती भुसावळच्या एका सरांकडे शोतोकान, म्हणजे कराटेची एक स्टाइल, शिकत होती. सहा वर्षांत पांढऱ्या बेल्टपासून ब्राऊनपर्यंत आली. ब्राऊनमध्ये तीन टप्पे असतात, त्यांना क्यू म्हणतात: आधी तिसरा क्यू, मग दुसरा, मग पहिला, आणि त्यानंतर काळा बेल्ट. ती तिसऱ्या क्यूवर होती. निघताना सरांनी तिला सांगितलं होतं, की मोठ्या शहरात चाललीस, चांगला क्लास बघ आणि तोपर्यंत रोज एक काता (एकट्याने करायचा हालचालींचा ठरलेला क्रम) तरी कर.

माझा इथे शाळांचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. कॉलेजात असताना मीही चार वर्षं कराटे केलं, ग्रीन बेल्टवर सुटलं. त्यामुळे ताईने हे काम माझ्यावर टाकलं. "तुला त्यातलं कळतंय, तूच बघ." मी बघितलं आणि पहिल्या वेळी चुकलो. ती चूक कशी झाली, पोरीला त्याची काय किंमत पडली आणि दुसऱ्यांदा शोधताना काय वेगळं केलं, हे सगळं इथे लिहून ठेवतोय. बदलीच्या नोकरीतली कितीतरी कुटुंबं दर जूनमध्ये याच प्रश्नापाशी उभी असतात. क्लासची आणि सरांची नावं मुद्दाम देत नाही.

पहिली निवड

मी तीन गोष्टी धरून निघालो होतो. स्टाइल शोतोकानच हवी. घरापासून फार लांब नको. आणि सर्टिफिकेट चांगलं मिळावं, हा दाजींचा आग्रह.

दाजींचं चुकत नव्हतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेतही खेळाडूंची भरती होते आणि तशी भरती झालेली माणसं दाजींच्या आजूबाजूला काम करतात. पोरीने सहा वर्षं घाम गाळलाय, तर त्याचा कागद पुढे कुठेतरी उपयोगी पडावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

शहराच्या नव्या वस्तीतला एक क्लास तिन्ही अटींत बसला. शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. भिंतीवर शोतोकानचा वाघ, कपाटात चषकांची रांग. एका संध्याकाळी मी दारात दहा मिनिटं उभा राहिलो. सत्तरएक पोरं, एका दमात किआई, म्हणजे कराटेतली आरोळी, आणि एका रेषेत पंच. अंगावर काटा आला. सर भेटले, गोड बोलले. भाचीचं सर्टिफिकेट बघून म्हणाले, "ब्राऊन आहे ना, मग ब्राऊनच राहील. परीक्षा परत द्यायला नको." आम्हा तिघांना हेच ऐकायचं होतं. वर्षाची फी एकदम भरायची, नऊ हजार. ड्रेसही त्यांच्याकडूनच घ्यायचा.

तो ड्रेस हातात घेतला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. कपडा हा माझा रोजचा धंदा आहे. बोटांत धरल्या धरल्या कळलं की हे टेरीकॉट आहे. कराटेचा ड्रेस सुती कॅनव्हासचा असतो, त्याला कारण आहे: सूत घाम पितं आणि बाही ओढली तरी शिवण धरून ठेवतं. त्याचं वजन औंसात मोजतात. मुलांना आठ औंसाचा पुरतो, मोठी माणसं बारा औंसाचा घालतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात दीड तास टेरीकॉट घालून लाथा मारणाऱ्या लेकराचं काय होतं, याचा विचार ज्याने ड्रेस ठरवला त्याने केलेला नव्हता. भाचीचा भुसावळचा सुती ड्रेस धड होता. लोगोच हवा असेल तर त्यावर मी स्वतः शिवून दिला असता. पण नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून गप्प बसलो आणि पैसे भरले.

पहिल्या आठवड्यापासून तिला पुढे उभं करून वीस पांढरे बेल्ट तिच्या ताब्यात दिले. लहान पोरं तिला "ताई, ताई" करायची. आम्हाला कौतुक वाटलं. नव्या गावात आली आणि लगेच मान मिळाला! ब्राऊन बेल्टने लहानांना शिकवणं हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि शिकवताना आपलंही पक्कं होतं, हे मला मान्य आहे. पण आठवड्याचे तिन्ही दिवस तेच चालू होतं. सर ऑफिसात असायचे, मोजणी मोठी पोरं करायची, सर हॉलमध्ये यायचे ते बेल्टच्या परीक्षेच्या दिवशी. तिचं स्वतःचं शिकणं जूनमध्ये जिथे होतं तिथेच ऑगस्टमध्ये होतं. पुढे एकदा तिने मला एका वाक्यात सांगितलं, "मामा, तिथे माझी चूकच कोणी काढली नाही."

ऑगस्टच्या मध्यावर कुमितेच्या, म्हणजे समोरासमोरच्या लढतीच्या, सरावात तिला सोळा वर्षांच्या मुलासमोर उभं केलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच. दोघांच्या तोंडात गार्ड नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, खाली शहाबादी फरशी. त्याची लाथ तिच्या कानाच्या वर बसली आणि ती खाली बसली. "पाणी पी, पाच मिनिटांनी ये," असं सांगण्यात आलं. ती पाच मिनिटांनी परत उभी राहिली, कारण सहा वर्षं तिला सेन्सेईचा, म्हणजे गुरूंचा, शब्द पाळायला शिकवलं होतं. घरी फोन आला नाही. रात्री उलटी झाली तेव्हा ताईला कळलं.

डॉक्टरांनी तपासून जे सांगितलं ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असावं. डोक्याला मार लागल्यावर चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटणं यांतलं काहीही झालं, तर त्या दिवशी खेळ बंद. मुलाने कितीही "मी बरा आहे" म्हटलं तरी बंद. आधी एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं, पळणं, एकट्याचा सराव, आणि समोरासमोरचा खेळ सगळ्यात शेवटी, तोही डॉक्टरांना विचारून. पहिला मार बरा व्हायच्या आत डोक्याला दुसरा मार बसणं, याची खरी भीती असते. आमच्या पोरीला पाच मिनिटांत परत उभं केलं होतं.

ती बरी झाली. पण त्यानंतर मंगळवारी आणि गुरुवारी तिचं पोट दुखायला लागलं. सोमवारी, बुधवारी दुखत नव्हतं. आम्हा मोठ्यांना हा हिशोब जुळवायला तीन आठवडे लागले. गणपतीत तिने सांगून टाकलं की आता कराटे नको. ताई म्हणाली, "नको तर नको, अभ्यास पण वाढलाय." उरलेली फी मागायला गेलो तर पावतीच्या मागे छापलेला नियम दाखवला गेला. पैशांचं सोडून दिलं.

मला खटकत होतं ते निराळंच. क्लास वाईट आहे असं तेरा वर्षांचं पोर म्हणत नाही. ते म्हणतं, मला कराटे आवडत नाही. सहा वर्षांची आवड दोन महिन्यांत मरते का? मला ते पटेना. आणि तो क्लास मीच निवडला होता.

भुसावळच्या सरांचा फोन

शेवटी मी तिच्या जुन्या सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही पूर्ण तास बसून बघितलात का? त्या क्लासमधल्या सगळ्यात कच्च्या पोराचं नाव सरांना माहीत होतं का? आणि आपल्या पोरीला तिथे शेवटचं कोणी काय सुधारून दिलं? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, आता दुसरा शोतोकानचा क्लास बघतो. ते म्हणाले, "स्टाइल धरून बसू नका. शोतोकानचा वाईट क्लास तिला शोतोकान विसरायला लावेल. दुसऱ्या स्टाइलचा चांगला क्लास नाही लावणार." ज्या माणसाने सहा वर्षं शोतोकान शिकवलं तोच हे म्हणतोय, म्हणून मला ते ऐकावं लागलं.

दसरा झाल्यावर शोध पुन्हा सुरू केला. या वेळी फोन करून गेलो नाही. सांगून गेलं की क्लास पाहुण्यांसाठी उभा राहतो. साध्या वारी, साध्या वेळी जायचं, वॉर्मअपच्या आधी बसायचं आणि पोरं चपला घालून बाहेर पडेपर्यंत उठायचं नाही. भाचीला पहिल्या खेपेला न्यायचं नाही. तिच्यासमोर नाही म्हणायची पाळी आली तर तिला आणखी एक नकार मिळाल्यासारखं होतं.

एका ठिकाणी मला बसूच दिलं नाही. पालक असले की पोरांचं लक्ष उडतं, असं कारण सांगितलं. लक्ष उडतं हे खरं असेल. पण वयात येणाऱ्या मुलीचा क्लास बंद दाराआड चालत असेल, तर मला पुढचं काही विचारायचं नसतं. रोज येऊन बसू नका, हे मी समजू शकतो. कधीच बघू नका, हे नाही. तिथून लगेच निघालो.

दुसऱ्या ठिकाणी चूक करणाऱ्या पोराला बेडूकउड्यांची शिक्षा होती. हॉलला तीन फेऱ्या. वाढत्या वयातल्या गुडघ्यांवर ओझं, आणि चूक काय होती ते त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे एक तास बसलो, दुसऱ्यांदा गेलो नाही.

तायक्वांदोचा एक क्लास मात्र मनात भरला. खाली मॅट, छातीला गार्ड, डोक्याला हेल्मेट, आणि शिकवणारा तरुण मुलगा सरळ बोलणारा. त्याने भाचीला दोन दिवस फुकट येऊ दिलं आणि मग आम्हाला बसवून सांगितलं, "पाय चांगले आहेत तिचे. पण इथे पांढऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. हाताची सवय मोडावी लागेल, कारण आमच्या सामन्यात डोक्यावर पंच चालत नाही. वर्षभर तिला उलटं वाटेल." दाजींना तायक्वांदो पटत होतं. २००० च्या सिडनीपासून ते ऑलिम्पिकचा नियमित खेळ आहे, आणि कराटे मात्र फक्त टोकियोत खेळलं गेलं, पॅरिसमध्ये नव्हतं. नव्याने सुरू करणाऱ्या कुठल्याही लेकराला मी त्या क्लासमध्ये डोळे झाकून पाठवीन. पण दोन्ही दिवस भाची घरी आल्यावर अंगणात तिचा जुना काताच करत होती. कराटे नको म्हणणारी पोर!

सर्टिफिकेटचा प्रश्न आम्ही निराळा काढून सोडवला. दाजींना घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. हे आम्ही जूनमध्येच करायला हवं होतं. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यात मुलाचा प्रवेश त्याच्या शाळेकडून जातो. म्हणजे ती वाट शाळेच्या क्रीडाशिक्षकांच्या टेबलावरून जाते, क्लासच्या ऑफिसातून नाही. नोकरीतल्या आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या आणि ठरावीक पातळीच्याच स्पर्धा धरतात. नावात 'राष्ट्रीय' असलं म्हणजे झालं, असं नसतं. जिन्यावरून खाली उतरताना दाजी म्हणाले, "म्हणजे तिला कुठं बरं शिकायला मिळतंय तेवढंच बघायचं." माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं त्या जिन्यावर उतरलं.

पूर्व भागातला क्लास

माझ्या कारखान्यात काज-बटणाला एक बाई आहेत. त्यांचा मुलगा कराटेला जातो हे मला माहीत होतं, पण तो क्लास पूर्व भागात, गल्लीत, कुठल्याशा समाजाच्या सभागृहात, म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाची खडखड असते. तेलुगू बोलणारी विणकरांची घरं, कितीतरी घरांत बाया विड्या वळतात. चकचकीत क्लास शोधणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती गल्ली दिसली नव्हती, हे मला आज वाईट वाटून लिहावं लागतंय.

मी पावणेसहाला जाऊन बसलो. पहिला मजला, वीसच्या आत-बाहेर पोरं. आधी सगळ्यांनी मिळून मॅटचे तुकडे भिंतीपासून आणून जमिनीवर जोडले. त्यात दहा मिनिटं गेली आणि कोणी ओरडलं नाही. सर सहाला आले, टॉवेलच्या कारखान्यातून सुटून थेट. त्यांच्याबरोबर कॉलेजात जाणारी एक ब्लॅक बेल्ट मुलगी शिकवायला असते. मुलींचे धडे, दुखापत, कपड्यांची अडचण, सगळं आधी तिच्याकडे जातं. दार सताड उघडं. दोन आया दाराशी बसून होत्या, एकीच्या मांडीवर सुपात तेंदूची पानं.

तिथलं एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही आपली मराठी, दोघंतिघं उर्दू. सर मराठीत सांगायचे, मधेच तेलुगूत. पण मोजणी सुरू झाली की "इची, नी, सान, शी" आणि सगळी एक. त्या हॉलमध्ये जपानी ही कोणाच्याच घरची नाही आणि म्हणून सगळ्यांची भाषा होती.

भुसावळच्या सरांचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून मी सगळ्यात कच्चं पोर शोधलं. आठेक वर्षांचा एक मुलगा. डावं-उजवं चुकायचा, सगळे डावीकडे वळले की हा उजवीकडे. सरांनी त्याला रांगेतून काढलं नाही. त्याच्या डाव्या मनगटाला दोरा बांधला आणि म्हणाले, "दोऱ्याकडं वळायचं, बस." तासाभरात सरांनी त्याचं नाव चार वेळा घेतलं, त्यांतलं एकदा शाबासकीसाठी. दर वीस मिनिटांनी पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येकाने घरून भरलेली बाटली आणायची आणि ती संपवूनच जायचं, असा तिथला नियम.

कुमितेला मोजून चार जोड्या. प्रत्येकाच्या तोंडात गार्ड, हातात ग्लोव्ह्ज, वजन बघून जोडी. कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीत पट्टी, कापूस, बर्फाची पिशवी. पेटी मी उघडून बघितली. सर काही बोलले नाहीत.

एकच अडचण होती. हा क्लास शोतोकानचा नव्हता, शितो-र्यू या कराटेच्या दुसऱ्या स्टाइलचा होता.

पिनान निदान

तिसऱ्या खेपेला भाचीला घेऊन गेलो. ती यायला तयार नव्हती. "फक्त बघायचं" एवढ्या बोलीवर आली आणि दाराशी चपलांजवळच बसली. तास संपल्यावर सर तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसले. सर्टिफिकेट मागितलं नाही. विचारलं, "तुला सगळ्यात आधी कुठला काता शिकवला?" ती म्हणाली, "हेइआन शोदान." ते म्हणाले, "दाखवतेस? बघू की."

तिने सलवार-कमीजवर, रिकाम्या मॅटवर काता केला. सुरुवातीला हात थरथरत होते. तिसऱ्या वरच्या ब्लॉकला किआई निघाली तेव्हा हॉलमधली पोरं गप्प झाली. संपल्यावर सरांनी त्यांच्या एका मुलीला बोलावलं आणि म्हणाले, "पिनान निदान कर." तिने केला. भाची बघतच राहिली. वळणं तीच, वाट तीच, तेच तीन वरचे ब्लॉक आणि त्याच जागी किआई. उभं राहण्याची पद्धत मात्र आखूड आणि उंच.

मग सरांनी तिला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो. ओकिनावातल्या आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेच्या मुलांना शिकवता यावेत म्हणून पाच काता बसवले. त्यांचं नाव पिनान. इतोसूंचे एक शिष्य गिचिन फुनाकोशी. त्यांनी १९२२ साली टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि त्यांच्या शिकवणीतून शोतोकान उभं राहिलं. दुसरे शिष्य केन्वा माबुनी, त्यांची शितो-र्यू. फुनाकोशींनी पिनानचं हेइआन केलं आणि पहिल्या दोन कातांची अदलाबदल केली, दुसरा सोपा वाटला म्हणून तो आधी घेतला. म्हणून शोतोकानचा हेइआन शोदान तो शितो-र्यूचा पिनान निदान. 'शितो' हे नावही माबुनींच्या दोन गुरूंच्या, इतोसू आणि हिगाओन्ना यांच्या, नावांतल्या अक्षरांवरून आलं आहे.

"म्हणजे तुझे सर आणि मी चुलत घरातले," सर म्हणाले. "तू परक्या घरी आलेली नाहीस."

कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला. तिने लगेच विचारलं, मग आमच्याकडे मागच्या पायावर वजन टाकून लांब उभं राहतात, तुमच्याकडे ही मुलगी पुढचा पाय नुसता टेकवून का उभी होती? सरांनी तिला उठवलं आणि नेको-आशी-दाची, म्हणजे मांजरासारखं पाऊल टेकवून उभं राहणं, दाखवायला लागले. "गुडघा आत नको. बाहेर. हां." तीन मिनिटांत तिच्या चार चुका काढल्या. घरी जाताना गाडीवर मागे बसून तिने मला त्या चारही सांगितल्या.

बेल्टचं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बेल्ट तिच्या सरांनी दिलाय. मी कोण काढणार?" पण सवलतही दिली नाही. ती ब्राऊन बांधेल, ब्राऊनच्या रांगेत शेवटी उभी राहील. शितो-र्यूची परीक्षा वर्षभर नाही. त्याआधी त्यांचे पाचही पिनान आणि उभं राहण्याच्या पद्धती नव्याने बसायला हव्यात. शोतोकानमध्ये २६ काता आहेत, शितो-र्यूमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. घाई करून उपयोग नाही. फी महिन्याला चारशे, पहिला महिना बघायचा, नको वाटलं तर सोडायचं.

या प्रश्नावर मी नंतर बराच विचार केला. आमच्या पहिल्या क्लासने बेल्ट न बघताच मान्य केला होता आणि ते आम्हाला मोठेपणाचं वाटलं होतं. काही क्लास उलट करतात. सगळं पुसून पांढऱ्यापासून बसवतात आणि प्रत्येक रंगाची परीक्षा फी परत घेतात. दोन्हींत पोराला काय येतं हे बघायचे कष्ट कोणी घेत नाही. कराटेत पहिले काळे बेल्ट फुनाकोशींनी १९२४ साली दिले. ती पद्धत जूदोतून घेतलेली. कापडाच्या त्या पट्टीला शंभर वर्षं झाली. तिच्यामागचं शिक्षण त्याहून जुनं आहे. नवा गुरू पोराचं आधीचं शिक्षण कसं हातात घेतो, हे मला आता सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हे कळायला त्याने पोराला काता करायला लावावा लागतो, आणि आपण तिथे बसलेलं असावं लागतं.

ताईचं मन मात्र आणखी एका गोष्टीने वळलं. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडून भुसावळचा नंबर घेतला आणि तिच्या जुन्या सरांना फोन केला. तिची कुठली बाजू कच्ची, कधी रडते, कुठे दुखापत झाली, कशाची भीती बसली, सगळं विचारून घेतलं. दोघं अर्धा तास बोलत होते.

पुढे काय झालं

नोव्हेंबरपासून ती जायला लागली. सगळं सोपं गेलं नाही. क्वार्टरपासून क्लास लांब, संध्याकाळच्या गर्दीतून अर्धं शहर ओलांडायचं. आठवड्यातले दोन दिवस मी आणतो, एक दिवस दाजी. पत्र्याखालचा हॉल तापतो. पहिले दोन आठवडे मुली आपसांत तेलुगूत बोलायच्या आणि ही एकटी बसायची. ताईने दोनदा विचारलं, बदलायचं का? मग लहान पोरांनी तिला "अक्का" म्हणायला सुरुवात केली, आणि तिने घरी येऊन ताईला विचारलं, "आई, अक्का म्हणजे ताईच ना?"

मार लागल्याची भीती सगळ्यात जास्त टिकली. समोरून हात आला की ती डोळे मिटायची. सरांनी पूर्ण महिना तिला कुमिते दिलं नाही. त्या ब्लॅक बेल्ट मुलीने तिच्याकडून फक्त अंतराचा सराव करून घेतला. समोरचा एक पाऊल आला की आपण एक पाऊल मागे, हात नाही, लाथ नाही. मग तिच्याहून लहान मुलीशी, मग तिच्याएवढीशी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत चार दिवस क्लास बंद होता. त्यानंतर एका संध्याकाळी ती तिच्याहून वजनदार मुलीसमोर डोळे उघडे ठेवून दोन मिनिटं उभी राहिली. मी दाराशी होतो. मला तिचे गुण किती झाले ते आठवत नाही.

काळा बेल्ट लांबला. भुसावळला राहिली असती तर कदाचित दहावीच्या आधी मिळाला असता. आता तसं होणार नाही. दाजींना याची हळहळ आहे आणि मला ती समजते. शितो-र्यूची पाऊलं अंगात बसताना तिचे शोतोकानचे लांब पवित्रे कधी कधी आखडतात. म्हणून भुसावळच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी ती गच्चीवर जुने पाचही हेइआन करते, आणि व्हिडिओ त्यांना पाठवते. नव्या सरांना हे ठाऊक आहे. हेइआन शोदान करताना एकदा तिचा पाय मांजरासारखा पडला, तेव्हा नव्या सरांनीच तिला सांगितलं, "रविवारी असं नको. रविवारी तुझ्या सरांचं."

फेब्रुवारीत मी त्या क्लासच्या सगळ्या पोरांची मापं घेतली. बऱ्याच जणांचे ड्रेस मोठ्या भावाचे, कोपरात विरलेले. सुती कॅनव्हासचा तागा मी दुकानभावात आणला आहे, शिलाई घेणार नाही. पहिल्या धुण्यात हा कपडा आटतो, म्हणून बाही आणि पँट दीड इंच लांब कापायला सांगितलंय. डावं-उजवं चुकणाऱ्या त्या पोराने माप देताना विचारलं, डाव्या बाहीला आतून लाल दोरा घालता येईल का? बाहेरून दिसायला नको म्हणाला. काज-बटणवाल्या बाईंनी तो काल घातला.